आक्काची कंबर आणि धुळ्याचे शॉकअप

आमच्या घरात माझ्या अकलेवर कुणाचाच विश्वास नाही, आणि त्याला माझी जुनी गाडी जबाबदार आहे.

माझी थोरली बहीण आक्का कमरेच्या दुखण्यावर उपचार घ्यायला सावद्याहून आमच्याकडे जळगावला आली होती. तेवढ्यात तिच्या लेकीचा रावेरहून फोन आला, रविवारी बारसं. पहिला नातू! डॉक्टर म्हणाले, जा, पण एकही धक्का बसता कामा नये. इकडे माझी गाडी गतिरोधक नुसता लांबून दिसला तरी कण्हायची. बायको म्हणाली, भाड्याची गाडी करू.

"घरची गाडी असताना?" मी म्हणालो, आणि तिथंच फसलो.

मेकॅनिक पंडितभाऊंनी गाडीचं नाक दाबून सोडलं, तर ती पाळण्यासारखी डोलतच राहिली. चारही शॉकअप गेलेत म्हणाले. कंपनीचे परवडत नसतील तर साधे टाक, पण नवे टाक, जुने आणू नको. इतकं स्पष्ट सांगितल्यावर मी तडक धुळ्याचा भंगारबाजार गाठला! तिथं माझ्याच मॉडेलच्या, मोडीत काढलेल्या टॅक्सीचे शॉकअप स्प्रिंगांसकट मिळाले, तेही नव्यांच्या निम्म्याहून कमी किमतीत.

"या गाडीमा बारा मानसं बसेत, भाऊ," दुकानदार म्हणाला. "बठ्ठा माल मजबूत शे."

(मजबूत हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.)

पंडितभाऊंनी कपाळाला हात लावून ते बसवले. आक्काचा जन्म केळीच्या बागेत गेलेला. तिनं मागच्या सीटवर पिकलेल्या केळ्यांची फणी ठेवली आणि मला नशिराबादपर्यंत जाऊन यायला सांगितलं.

"केळाले डाग पडला तं मी बसनार नही," ती म्हणाली.

मी परत आलो तेव्हा शिकरणात फक्त दूध-साखर घालायची बाकी होती. आक्का पदर डोळ्यांना लावून म्हणाली, आता नातू फोटोतच पाहायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा पंडितभाऊ. ते शांतपणे म्हणाले, बारा माणसांचे शॉकअप आहेत, रिकाम्या गाडीत ते कशाला दबतील? वजन टाक! मग घरातली दादर ज्वारीची पोती डिकीत चढवली. नशिराबाद. केळी जरा बरी, पण काळी. मग शेजारचे आबा पुढच्या सीटवर बसवले. आबा म्हणजे एकटेच तिघांच्या तोडीचे. त्यांनी फक्त बारशाला जेवण काय आहे एवढंच विचारलं. पुन्हा नशिराबाद. या खेपेला केळी पिवळीधमक परत आली. (तोवर टोलवाला मला नावानं हाक मारू लागला होता.)

रविवारी पोती आणि आबांसकट गाडी अशी तरंगत निघाली की आक्काला भुसावळलाच डोळा लागला. रावेरला तिनं नातू मांडीवर घेतला आणि भरल्या घरात सांगितलं, माझ्या भावानं मला फुलासारखं आणलं. मी ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पुन्हा सांगत सुटलो.

तोवर आक्काच्या व्याह्यांनी डिकीतली पोती उतरवून घेतली होती. त्यांना वाटलं, आहेर! आता आहेर परत कसा मागायचा? आणि परतीचं वजन कुठून आणायचं? मी व्याह्यांच्या बागेत जाऊन केळीचे घड मागितले, आणि मोठेपणानं म्हणालो, राहू द्या, मीच उचलतो. पाच घड चढले. सहावा उचलला आणि माझ्या कमरेत कट्कन वाजलं.

येताना गाडी आबांनी चालवली. आक्का पुढे ताठ बसली होती, आणि मागच्या सीटवर मी आडवा. केळ्यांना एकही डाग पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कानं स्वतःचा पट्टा काढून माझ्या कमरेला बांधला. मला तिच्याच डॉक्टरांकडे न्यायला बायकोनं भाड्याची गाडी बोलावली. घरची गाडी असताना, असं मी या वेळी म्हणालो नाही.