अंजनामावशीचा नियत प्रभार

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यात कमी वीज अंजनामावशी वापरते. संध्याकाळी एक बल्ब, तोही भाजी निवडून होईपर्यंत. टीव्ही बघायला ती माझ्याकडे येते आणि पंख्याखालची खुर्ची पकडते. ऊठ म्हटलं तरी ती उठायची नाही. तिचे यजमान, रेल्वेतले दयारामकाका, वारले, मुलगा यशदीप हैदराबादला कंपनीत. घरात ती एकटीच.

एप्रिलात एकदा ती विजेचं बिल घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"वनमाला, हे वाच. मेल्यांनी माझी नियत खराब ठरवली."

बिल हिंदीत. वापरलेल्या विजेचे पैसे किरकोळ आणि त्याखाली त्याच्या कितीतरी पट 'नियत प्रभार'. हिंदीत नियत म्हणजे ठरलेला, प्रभार म्हणजे आकार. मावशी हिंदीत भांडते, पण वाचते मराठीत, आणि तिच्या लेखी नियत म्हणजे दानत. गल्लीतले निम्मे लोक तारेवर आकडा टाकतात, म्हणून खात्यानं आपल्यावरही संशय घेऊन दंड लावला, असा तिनं अर्थ काढला.

"जिंदगीत आकडा टाकला नाही मी. काहून भरू?"

"मावशी, ठरलेला आकार असतो तो."

"मंग मले न विचारता कोणं ठरवला?"

तेच विचारायला दोघी वीज कार्यालयात गेलो.

खिडकीत कारकून हरिदासबाबू होते. मावशीनं सुरुवातच केली, "भैया, मेरी नियत साफ है."

"हव अम्मा, सबकी साफ है. पीछे लाइन है."

मी मध्ये पडून घोटाळा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "ये लोड का पैसा है. आपके घर का लोड ज्यादा लिखा है. आप बटन दबाओ, मत दबाओ, बिजली तैयार खड़ी रहती है. उसी का लगता है."

लोड, म्हणजे घराला मंजूर केलेला वीजभार, कुठून वाढला ते मला ठाऊक होतं. रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या खिडकीत एसी लटकायला लागला. यशदीपनंही आपल्या खोलीत बसवला, लोड वाढवून घेतला, एक उन्हाळा गारेगार झोपला आणि नोकरीवर निघून गेला. त्यानंतर तो एकाही उन्हाळ्यात आलेला नाही. मावशी त्या खोलीतली चादर बदलते, एसीवरची धूळ पुसते. बटन दाबत नाही.

"लोड कम करवा लो," हरिदासबाबूंनी अर्ज पुढे सरकवला. "बिल एकदम उतर जाएगा. बस, फिर एसी नहीं चलेगा."

मावशीनं अर्जावर नाव लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं.

"यशदीपले फोन लाव."

मी स्पीकरवर लावला.

"बाबू, मे महिन्यात येऊन राहिला न?"

"आई, इस बार छुट्टी का मुश्किल है. देखते हैं."

मागच्या वर्षीही तो देखतेच होता. आईशी दोन शब्द मराठीत बोलायलाही या पोट्ट्याची जीभ झिजते. मला असा संताप आला की फोनमधून हात घालून त्याचा कान पिळावा.

मावशीनं मात्र शांतपणे फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीत वाकली.

"भैया, बिजली खड़ी रहती तो उसका पैसा लगता. मैं भी तो इतने साल से खड़ीच हूँ. मेरेकू कौन देता?"

हरिदासबाबूंनी खरोखर विचार केला.

"वो हमारे विभाग में नहीं आता, अम्मा."

मावशीला हे पटलं असावं. तिनं अर्जाची घडी करून पिशवीत टाकली आणि बिल भरलं, पूर्ण.

बाहेर ऊन रणरणत होतं. मी चिडून म्हटलं, "अर्ज का नाही दिला? तो येणार नाही, कळलं न तुला?"

"असा कुठं म्हणला तो?" मावशीनं पदर डोक्यावर घेतला. "देखते हैं म्हणला."