गावाने दिलेली नळी

माघातल्या सकाळी संत्र्याच्या बागेत पाऊल टाकले की आंबिया बहराचा गंध एकदम अंगावर येतो. थंडीने जड झालेल्या हवेत तो असा दाटून बसलेला असतो की श्वास घेताना त्याची कडसर गोडी जिभेवर उतरते. जाडसर पाकळ्यांची पांढरी फुले ओल्या आळ्यांत पडलेली असतात, मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव चाललेला असतो, आणि मोर्शीच्या सडकेवरून एखादी बैलगाडी गेली तर तिच्या चाकांचा आवाजदेखील या सुगंधातून वाट काढत येतो आहे असे वाटते. या गंधाने माणसे प्रसन्न होतात म्हणे. माझी मात्र मान खाली जाते.

परवा याच बागेत, याच गंधात, माझी भाची सुमन माझ्याशेजारी बांधावर बसली होती. अमरावतीला विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी तिला एक गट निवडायचा आहे. गणित घेतले तर इंजिनियरिंगची वाट, जीवशास्त्र घेतले तर वैद्यकाची. संत्र्याची साल नखाने टोकरत ती म्हणाली, "मामा, मले दोनी आवडतात. पेपरात वाचलं का तिकडे परदेशात मूत्रपिंडाच्या जागी रक्त साफ कराची मशीन केली. मंग ते कोन करून राहिलं? डाक्टर का इंजिनियर? आपल्या इकडे तसं काही शिकवते का कोनी?" मी म्हटले, विचार करून सांगतो. खरे तर विचार करण्यासारखे काही नव्हते. तसे काही इकडे शिकवत नाहीत हे मला ठाऊक होते. पण कोणती वाट धर, हे तिला सांगायचा अधिकार गावात सर्वांत कमी कोणाला असेल तर तो मला, या विचाराने मी वेळ मागून घेतला.

तुम्ही म्हणाल, एवढे लाजण्यासारखे काय घडले? ऐका तर मग.

आम्ही माळी. बाबांचा हात कलमांचा. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून बांधून टाकायचे आणि वाट पाहायची. हे मी चालायला लागल्यापासून पाहत आलो. दुसरीकडे आमच्या विहिरीवर मोट जाऊन तेलावरचे इंजिन आले होते, आणि त्याच्या धडधडीवरही माझा तितकाच जीव होता. महाविद्यालयात गेल्यावर मला एकच गोष्ट विचारायची होती. झाडात पाणी शेंड्यापर्यंत चढते ते कोणत्या जोरावर, आणि तो जोर मोजता येतो का? वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला पदार्थविज्ञानाच्या सरांकडे पाठवले, आणि पदार्थविज्ञानाच्या सरांनी अगदी मायेने पुन्हा वनस्पतिशास्त्राकडे. दोन्ही खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात मी बराच काळ उभा होतो. आज वाटते, माझे खरे स्थान तो व्हरांडाच होता. पण व्हरांड्याची पदवी कोण देणार? गुण चांगले पडले, घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि मोर्शीच्या बाजारातल्या ओळखीच्यांनी ठरवले की पोरगा डॉक्टर होणार, आणि मी जीवशास्त्र घेतले.

नागपूरला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याची वार्ता आली तेव्हा आमच्या लोकांनी माझा सत्कार केला. गळ्यात हार पडले तेही आमच्याच मळ्यांतल्या झेंडूचे. शाल-नारळ झाल्यावर एक लहानशी पेटी उघडून सर्वांनी मिळून घेतलेली एक वस्तू माझ्या हाती ठेवण्यात आली. तो स्टेथोस्कोप होता. नवाकोरा, काळ्या रबराचा. त्या भाबड्या माणसांना कुठे ठाऊक होते की वैद्यकाच्या पहिल्या वर्षात जिवंत छाती वाट्याला येतच नाही? तिथे भेटतात ती मृत शरीरे, आणि त्यांना ऐकायला नळी लागत नाही. पण त्या क्षणापासून मी 'डाक्टर' झालो. अजून एका हाडाचे नावही न शिकलेल्या मला आमच्या अख्ख्या गावाने त्याच संध्याकाळी ही पदवी बहाल करून टाकली. बाबा मांडवाच्या खांबाशी उभे होते. धोतर धुवट होते, आणि मळ्यातल्या मातीने काळवंडलेली बोटे ते उपरण्यात लपवत होते.

मग नागपूर. प्रेते टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा तो वास! कपड्यांत, भातात, उशीत, सगळीकडे तो. मला रक्ताची भीती वाटली असे लोक पुढे म्हणत, ते खोटे आहे. एका सकाळी आमच्या टेबलावर एका बेवारशी माणसाचा हात आला. मनगटातल्या स्नायूंच्या दोऱ्या ओढल्या की निर्जीव बोटे मिटत, सोडल्या की उघडत. विहिरीवरच्या कप्पीसारखे सारे सोपे आणि देखणे. किती जोराने ओढले तर किती मिटतात, असे मी विचारले तेव्हा शिकवणारे हसले आणि नावे पाठ कर म्हणाले. नावे माझ्या डोक्यात राहत नव्हती. आणि त्या हाताच्या तळव्यावर घट्टे होते. बाबांच्या तळव्यावर कलमाचा चाकू धरून पडलेत तसे, त्याच जागी. तिथून पुढे मला तो चिरवेना. चाचण्यांत नापास होत गेलो. यातले खरे कारण कोणते, नावे की घट्टे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मला एवढेच कळत होते की मी तिथला नाही. आणि माघ लागता लागता मी ट्रंक उचलून निघालो.

येतानाची वाट मी कधीच विसरलो नाही. आमच्या गावाचा थांबा चौकात आहे. तिथे वडाच्या पारावर नेहमी माणसे असतात. मी एक थांबा आधी उतरलो आणि खांद्यावर ट्रंक घेऊन बागांमागून, बांधाबांधाने, चोरासारखा घरी आलो. दोन्ही बाजूंना बहर फुटलेला होता. डोळ्यांना तो दिसत होता, पण नाकात फॉर्मलिन एवढे मुरलेले की मला गंधच आला नाही. तो नंतर आला, आणि तेव्हापासून दर माघात ही वाट सोबत घेऊनच येतो. आमच्या बागेत बाबा आळ्यांत पाणी सोडत होते. त्यांनी मला पाहिले, ट्रंक पाहिली, आणि म्हणाले, "भाकर खाल्ली का?" बस, एवढेच. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत. त्यानंतरही कित्येक दिवस चौकात बसले नाहीत. माझ्यामुळे त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, हे मी तेव्हाच ओळखले. निदान मला तसे वाटले.

नळी परत द्यायला गेलो तर सत्कार करणाऱ्या पंचांपैकी वडीलधारे होते ते म्हणाले, "देल्ली वस्तू वापस घेते का कोनी? राहू दे डाक्टर, कामी येईन." त्यात टोमणा नव्हता, हेच तर असह्य होते. थट्टा केली असती तर मी भांडलो तरी असतो. पण रस्त्याने चाललो की "राम राम डाक्टर" अशी आदराची हाक यायची. कोणी बाई तापलेले लेकरू घेऊन दारात उभी राहायची आणि मी तिला मोर्शीच्या दवाखान्याची वाट दाखवायचो. प्रत्येक हाकेसरशी मी आतून एक वीत लहान होत असे. माणसाला मिळालेला अपमान पचतो; न कमावलेला मान घशाखाली उतरत नाही.

पुढे अमरावतीच्या तंत्रनिकेतनात वयाने लहान असलेल्या मुलांच्या मागच्या बाकावर बसून मी सोडलेले गणित पुन्हा गिरवले आणि अकोल्याच्या एका जिनात इंजिनांवर देखरेख करायला लागलो. गावापासून दूर, म्हणून तिथे जीव रमला. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या कल्लोळात कोणते बेअरिंग खराब होते आहे हे ओळखायला लोखंडी कांब कानाला लावून ऐकतात. एकदा मी ट्रंकेतून ती नळी काढली आणि यंत्राच्या अंगाला लावली. काय सांगू तुम्हाला! बेअरिंगमधली प्रत्येक गोळी निराळी ऐकू आली. त्या दिवसापासून ती रोज वापरली, पण तेलकट हातांनी. गावाने छातीवर ठेवायला दिलेली वस्तू मी ग्रीसमध्ये बुडवली, याची लाज पुन्हा वेगळीच. सुटीत घरी जाताना रॉकेलने पुसून तिला पिशवीच्या तळाशी दडवत असे.

अशाच एका माघात मी घरी आलो होतो. बाबा ओट्यावर बसले होते, सोबत दोघेतिघे शेजारी. बाबा मला म्हणाले, "ते नळी आन रे." मी पिशवी पायाने मागे सारली. "आन म्हनलं ना." आणली. त्यांनी सर्वांच्या देखत बंडीचे बंद सोडले. "पाय बरं, दम लागून राहिला मले." मी पुटपुटलो, "बाबा, मी काही डाक्टर नाई." ते म्हणाले, "मले काय मालूम नाई का? नळीले तेलाचा वास येते. इंजनाचं आयकतं ना? मंग माह्यं आयक."

ऐकले. आयुष्यात प्रथमच ती नळी एका जिवंत छातीवर टेकली होती. औषध मला ठाऊक नव्हते, रोगाचे नाव ठाऊक नव्हते. पण लयीत चालणारी वस्तू मधेच ठोका चुकवते, मग दोन घाईने घेते, हे मला जिनात शिकून कळत होते. असे यंत्र मी एक तासही चालू ठेवले नसते. दुपारच्या गाडीने त्यांना अमरावतीला नेले.

तिथल्या डॉक्टरांनी तपासले, वेळेवर आलात म्हणाले, आणि सहज विचारले, कोणी पाठवले? मी जमिनीकडे पाहू लागलो. बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या माह्या पोरानं आयकलं. नागपूरले डाक्टरी शिकाले गेलता, थे काही जमली नाई त्याले, वापस आला. आता अकोल्याले इंजनं पायते. चांगलं पायते." कोणत्या झाडाला किती फळ धरले हे सांगावे, तसा तो आवाज होता. बाहेर बसलेले रोगी ऐकत होते आणि त्याचे बाबांना काही नव्हते.

परतताना गाडीत मी धीर करून विचारले, "मंग तवा तुमी चौकात बसाले काहून जात नव्हते?" बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तू घरात तोंड लपवून बसला होता. तुले एकटं टाकून कुठी जाऊ?"

इतकी लाज मला नागपूर सोडताना वाटली नव्हती, बागांमागून चोरवाटेने येतानाही वाटली नव्हती. वर्षानुवर्षे मी त्यांच्यासमोर मान खाली घालून वावरलो, त्यांचे मौन माझ्याच लाजेने वाचत राहिलो. आणि तो बिचारा माणूस माझ्या सोबतीला म्हणून आपला बाजार आणि आपला पार सोडून बसला होता. माझ्या बापाला मी किती कोता समजलो होतो!

आज बाबा बागेत खुर्ची टाकून बसतात. ठोका अधूनमधून चुकतो, गोळ्यांनी सावरतो. नळी मी लपवत नाही. तिच्या रबराला अजून जिनाचा वास आहे. बहर ऐन भरात आला आहे आणि गंधाने माझी मान अजूनही खाली जाते, ती सवय आता जायची नाही. उद्या सुमन यायची आहे. गणित की जीवशास्त्र, याचे उत्तर मला आलेले नाही, आणि तिच्या व्हरांड्याच्या जागी दोन्ही शिकवणारी खोली इकडे कधी बांधली जाईल तेही मी सांगू शकत नाही. मी तिला एवढेच सांगणार आहे की जे आवडेल ते घे, पोरी. आणि अर्ध्यातून परत यावे लागलेच तर बाजाराच्या दिवशी ये, भर दुपारच्या गाडीने, आणि चौकातल्या थांब्यावर उतर. तुझी ट्रंक घ्यायला मी आणि तुझा आजा पारावर बसलेलो असू.