फालतू म्हणून काढलेलं

परंड्यात एसटी स्टँडसमोर श्रावस्तीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. डिझाइन ती करते, छपाई बार्शीला होते. तिनं चेहरा उजळ केला नाही असा पुढारी गावात शोधून सापडणार नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं, ती नमुना परत पाठवते. त्यासाठी कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप दिवसभर उघडंच. सगळा धंदा एका सवयीवर उभा: श्रावस्तीकडून काही आलं की उघडून बघायचं.

लग्नसराईच्या तोंडावर कॉम्प्युटर रखडायला लागला. डिझाइन उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तेव्हा तिनं यूट्यूबवर तो व्हिडिओ पाहिला. लाल जॅकेटातला पोरगा बोट रोखून सांगत होता, "कंपनीनं भरलेलं सगळं फालतू काढून टाकलंय. ही हलकी विंडोज टाका, डबडंसुद्धा पळतं." खाली लिंक होती. तिनं टाकली. डबडं पळालं. तिनं खाली लिहिलं, 'थँक्यू दादा.'

फालतू म्हणून काढलेल्यात व्हायरस अडवणारी यंत्रणा होती, सुरक्षेचे अपडेट होते. त्या जागी कुणी काय घुसवलं होतं, हे विचारायची गरज लाल जॅकेटाला वाटली नव्हती.

एका सकाळी, दुकान उघडायच्या आधीच, कॉम्प्युटरमधून चोरांनी ताब्यात घेतलेल्या तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या गिऱ्हाइकांना एक फाइल गेली. नाव 'लग्नपत्रिका'. प्रत्यक्षात ते फोनचा ताबा घेणारं अ‍ॅप होतं. फोननं इशारा दिला, तरी लोकांनी 'हो' दाबलं. श्रावस्तीची पत्रिका होती ना.

दुपारी किराणा दुकानदार सिद्धाराम दारात येऊन उभे राहिले.

"आमच्या लेकीच्या, शिवलीलाच्या पत्रिकेचा नमुना म्हणून उघडलं म्या. बँकेचे मेसेज परस्पर चोराकडं जायलेत. खातं साफ झालं, पोरी."

"म्या न्हाय पाठवलं काही, काका."

"तुझ्याच नंबरवरनं आलंय की! मग कुणाला धरू?"

संध्याकाळपर्यंत तिघांनी पत्रिकेचं काम काढून घेतलं.

धाराशिवहून आलेल्या सायबर पोलिसानं कॉम्प्युटर तपासला. "ताई, तुम्ही दार उघडं ठेवलं नव्हतं. दारच नसलेल्या घरात राहायला गेला होतात."

तिनं व्हिडिओखाली घडलेलं सगळं लिहिलं. तासाभरात तिचं लिहिणं पुसलं गेलं. 'थँक्यू दादा' मात्र तसंच राहिलं. व्हिडिओच्या माहितीत बारीक अक्षरात त्या पोराची ओळ होती: स्वतःच्या जबाबदारीवर वापरा. ती ओळ वाचून तिचं डोकं फिरलं. चूक झाली ती तिची, नाव गेलं तेही तिचंच. हा मात्र पुढच्या व्हिडिओत पुन्हा बोट रोखून हजर.

तिनं मूळ विंडोज विकत घेऊन कॉम्प्युटर धुऊन काढला आणि पहिलं काम स्वतःचं केलं. चार दिवसांनी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. पुढाऱ्याच्या जागी लाल जॅकेट, रोखलेलं बोट. खाली ठळक अक्षरं: 'याचं ऐकून मी माझ्या कॉम्प्युटरची कुलपं काढली. माझ्या नंबरवरून आलेली लग्नपत्रिका उघडू नका. उघडली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, बँक गाठा, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. श्रावस्ती.'

नगरपरिषदेचे बब्रुवान मामा शिडी घेऊन आले. "ताई, परवानगी न्हाय याला. काढावं लागंल."

"शेजारच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला हाय?"

"त्यो साहेबांचा हाय."

"म्याच केलाय, मामा. त्याच्यावर परवानगीचा नंबर टाकायला दिलाच न्हाय कुणी. आधी त्यो उतरवा, मग माझ्याला हात लावा."

बब्रुवान मामांनी दोन्हीकडं पाहिलं, शिडी खांद्यावर घेतली आणि निघून गेले.

सिद्धाराम मागं उभे राहून फ्लेक्स वाचत होते. हसले नाहीत. "हे आधी लावलं असतंस तर?"

"आधी ठावं असतं तर लावलं असतं, काका. आता एवढं करा, याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवा."

"तूच पाठव की. समद्या गावाचे नंबर हायेत तुझ्याकडं."

"माझ्याकडनं आलेलं आता कुणी उघडत न्हाय."

सिद्धारामांचा स्वतःचा फोन त्या दिवसापासून बंद होता. त्यांनी खिशातून शिवलीलाचा फोन काढला आणि अख्खा फ्लेक्स बसेल एवढे मागं सरकले.