बेनिग्नाबाईंनी पोचवलेल्या दोन माफ्या

साबानेता गावच्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन वर्षातून दोनदाच, नाताळात आणि ईस्टरला. त्याआधी बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धुणार. कुणाचं कुणाशी वाकडं असेल, तर भोजनच पुढं ढकलायचं. नाताळचं भोजन असंच गेलं. ओतिलियाचं डुक्कर देल्मिराच्या कसाव्याच्या कंदांत शिरलं, तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या.

बेनिग्नाबाई ब्याऐंशीच्या. "पुढल्या नाताळापर्यंत मी कसली राहते!" म्हणत त्या खोबऱ्याच्या पावाची टोपली घेऊन दोघींकडे गेल्या. ओतिलिया म्हणाली, "डुकराला अक्कल असती तर त्यानं तिचा कडू कसावा हुंगलासुद्धा नसता." बेनिग्नाबाईंनी ते गिळलं आणि देल्मिराकडे जाऊन गळा काढला, "रडली गं पोर! म्हणाली, चुकलंच माझं." मग ओतिलियाकडे तोच गळा, तेच रडं, फक्त नाव देल्मिराचं.

ईस्टरच्या सकाळी ओतिलिया घमेल्यापाशी बसली. देल्मिरानं राणीसारखा पाय पुढं केला. "केली हो तुला क्षमा."

"मला? माफी तू मागितलीस!"

"मी? कधी, झोपेत?"

दोघींनी एकदमच बेनिग्नाबाईंकडे मान वळवली. पाळक आन्सेल्मोंनी पुस्तक मिटलं. आता हेही भोजन जाणार. बेनिग्नाबाई उठल्या. "खोटं बोलले मी. दोघींशी. तुमचं खरं मला ऐकवतच नव्हतं."



"कुंपण मोडकं होतं," ओतिलिया घमेल्याकडे बघत पुटपुटली. "मला ठाऊक होतं. आळस केला."

देल्मिरानं पाय मागं घेतला. "डुक्कर लंगडतं ना तुझं? दगड मी मारला होता."

"तू? अगं, मी चार महिने त्याला हळद चोळतेय!"

"मारला खरा. मग रात्रभर झोप नाही."

ओतिलियानं बाह्या सरसावल्या. "आण पाय इकडे. खसखसून घासते, थांब."

पाणी उडालं, मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पाळकांनी आशेनं पुस्तक उघडलं. "तर मग, भगिनींनो, भोजन..."

"थांबा पाळकसाहेब," देल्मिरा म्हणाली. "या बाईंचं आमच्याशी मिटलेलं नाही."

साठ वर्षं दुसऱ्यांच्या माफ्या वाहणाऱ्या बाईंना स्वतःची काही सापडेना. शेवटी अगदी बारीक आवाजात, गळा न काढता, त्या म्हणाल्या, "चुकले गं मी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बसा," ओतिलिया म्हणाली. "आणि मोजे काढा."