अदबीनं दिलेला सल्ला

मी वडूजकडचा, कोरडवाहू मुलखातला. महायुद्धाच्या दिवसांत सांगलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. तिथले फारसी शिकवणारे वयस्क मौलवी माझे शेजारी. संध्याकाळी ते मला हौसेनं फारसी शिकवीत.

"नोकराला सांगायचं, 'असं कर'. बरोबरीच्याला, 'असं केलंत तर बरं'. मोठ्यांना मात्र 'करू नका' म्हणायचंच नाही. 'अगर सलाह बेदानीद' म्हणायचं, म्हणजे आपल्याला योग्य वाटलं तर. आणि गप्प राहायचं. समजणारा समजतो."

मला ते फार आवडलं होतं.

त्या श्रावणात एका रविवारी आम्ही फिरत हरिपूरच्या घाटावर गेलो. कृष्णा तांबडी झालेली, अख्खी झाडं वाहत चाललेली. आमच्या शाळेचे अध्यक्ष धाकट्या भावाला घेऊन नावेपाशी उभे होते. पलीकडे त्यांचा ऊस होता.

मौलवी नावाड्याजवळ जाऊन दरडावून म्हणाले, "नाव सोडू नकोस. पाणी चढतंय."

"मला दिसत न्हाई व्हय? पर मालकास्नी मी कसं सांगू? तुमीच सांगा."

मौलवी अध्यक्षांपुढं गेले, छातीशी हात नेऊन वाकले. "सरकारांच्या मर्जीपुढं नदी ती काय! तरी आपल्याला योग्य वाटलं, तर उद्या सकाळी तीही अदबीनं वाट देईल."

अध्यक्ष खूश होऊन हसले. "वा, मौलवीसाहेब! काय बोलणं आहे!" आणि भावाचा हात धरून नावेत चढले.

मधल्या धारेत नाव गरकन फिरली आणि आडवी झाली. अध्यक्षांना नावाड्यानं केसांना धरून काठाला आणलं. भाऊ सापडला तो पाणी ओसरल्यावर, अंकलीच्या बाजूला.

तेरावा झाल्यावर अध्यक्ष मौलवींच्या दारात आले. मी तिथंच बसलो होतो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं, सरकार."

अध्यक्ष उंबऱ्यावरच थांबले. घाटावरचे शब्द आठवत असावेत. मग वळून निघून गेले.

मौलवींना कुणी काढलं नाही. त्यांनीच नोकरी सोडली आणि मिरजेला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो की चहा व्हायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची. फारसीचं नाव ते काढीत नसत. एकदा मीच म्हटलं, धडा पुढं नेऊ या का? ते म्हणाले, "सरकार हसले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, की पाण्याकडे?"

मला आठवेना. पुढं दर भेटीला ते तेवढंच विचारू लागले, आणि माझं मिरजेला जाणं कमी होत गेलं.