हवा कुठली मोजायची

अंडी उबवण्याच्या केंद्रात बत्तीस वर्षं पाऱ्यावर नजर ठेवून काढली, म्हणून तिला सगळे पारामावशी म्हणत. निवृत्त झाल्यावर ती भाचीसोबत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. बहीण गेल्यापासून या पोरीला तिनंच वाढवलं होतं.

भाची संगणकावर इमारतींचे नकाशे काढायची. नोकरी सोडून तिनं स्वतःच्या नावावर पहिलंच काम घेतलं होतं, एका शाळेचं. नकाशा सोमवारी द्यायचा होता आणि गुरुवारी दुपारी तीनला संगणक टप्पकन बंद पडला. पॉवर सप्लाय गेला होता. वॉरंटी अजून आठ महिने होती, एवढाच दिलासा.

शुक्रवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. त्यानं तपासणीसाठी आणलेला पॉवर सप्लाय जोडला, मशीन सुरू केलं आणि मागच्या पंख्याच्या जाळीशी थर्मामीटर धरला.

"सत्तेचाळीस. खोली चाळीसच्या वर असली तर वॉरंटी मिळत नाही, ताई. कार्डावरच छापलंय."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. चादरीची घडी घालत असलेली पारामावशी मात्र पुढे सरसावली.

"काय रे, खोली मोजतोयस की मशीनचा उच्छ्वास?"

"मावशी, मी सगळीकडे असंच मोजतो."

"म्हणजे सगळीकडे चुकलास. ही वापरून फेकलेली हवा. मशीन आत घेतं ती मोज. आम्ही अंड्यांच्या शेजारी थर्मामीटर ठेवायचो, धुराड्यात नाही!"

त्यानं कार्ड पुन्हा वाचलं, डोकं खाजवलं आणि थर्मामीटर मशीनच्या पुढे हातभर अंतरावर ठेवला. थोड्या वेळानं आकडा आला चौतीस.

"लिहा, लिहा लवकर," भाची म्हणाली.

"थांब," मावशी म्हणाली. "आत्ता अकरा वाजलेत. बंद पडलं तीनला. तीनला परत ये."

"मावशी! स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?"

मावशीनं चादरीची घडी पुरी केली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं दुपारच्या रकान्यात पहाटेचा आकडा लिहिला होता. एकविसाव्या दिवशी नऊशे अंडी तशीच पडून राहिली. एकालाही आतून चोच लागली नाही. तिला कुणी रागावलंही नाही. ती शांतता मात्र अजून तिच्या कानात होती.

थर्मामीटर तिथंच आणि मशीन चालू ठेवून माणूस जवळच दुसरं काम होतं म्हणून गेला. ऊन भिंतीवरून मेजाकडे सरकू लागलं. एक वाजता छत्तीस झाले. दोनला अडतीस. भाची मावशीशी बोलेनाशी झाली. अडीचला ती उठली आणि तिनं खिडकीच्या पडद्याला हात घातला.

"काल ओढला होतास?"

"नाही."

"मग राहू दे."

माणूस आला तेव्हा एकोणचाळीस झाले होते. तो लगेच लिहील असं भाचीला वाटलं, पण तोच स्टूल ओढून बसला. तिघंही त्या बारीक रेषेकडे बघत राहिली. सव्वातीनला पारा अर्ध्या अंशानं चढला. साडेतीन झाले, पावणेचार झाले, पारा तिथंच होता.

"उतरतोय," मावशी म्हणाली, आणि खरंच, रेषा केसभर खाली आली.

त्यानं सगळे आकडे वेळेसकट लिहिले. "वरच्यांना आता विचारायला काही उरलं नाही. मंगळवारी नवा घेऊन येतो."

"आणि माझा सोमवार?" भाचीनं विचारलं.

त्यानं पिशवी उचलली, मशीनकडे पाहिलं. "तोवर हा माझा पॉवर सप्लाय राहू दे. फक्त मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका."

तो गेल्यावर भाची मावशीकडे न बघताच म्हणाली, "धर त्या बाजूनं." दोघींनी मेज हातभर पुढे ओढलं. संगणकाच्या पडद्यावर शाळेचा नकाशा उघडला. भाची बराच वेळ त्यातल्या पश्चिमेच्या भिंतीकडे बघत बसली.

"मावशी, इकडे ये जरा," ती म्हणाली. "या वर्गांत तीन वाजता किती होईल गं?"

मावशीनं स्टूल जवळ ओढलं. "आधी मला सांग, पोरं बसणार कुठं?"