तीर्थपुरीच्या मोटारीचा मुआयना

पहाटे तीर्थपुरीहून निघताना तात्यांनी मोटारीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि मला म्हणाले, "बापू, साहेबानं काही विचारलं तर तूच बोल. रहिमत बोलला की काम बिघडतं."

तात्या म्हणजे माझे चुलते. निजामाच्या राजवटीत आमच्या गावात मोटार एकच होती आणि ती त्यांची होती. चौदा माणसांची बैठक, वर कापडी छत, दोन्ही बाजू उघड्या. बाजाराच्या दिवशी ती अंबडला जायची आणि तिथून पुढं जालन्याला. त्या वर्षी थंडीत एक सरकारी कागद आला. मी औरंगाबादेस उर्दू शिकून आलो होतो, म्हणून तो माझ्या हातात पडला. यंदापासून मोटारीचा सालाना मुआयना (वर्षाची तपासणी) करून घ्यावा, मुआयन्याशिवाय मोटार रस्त्यावर आणू नये, आणि मुआयना जालन्यास 'पुराना पडाव' इथे होईल, असा मजकूर होता. मुदत आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती, कारण कागद आमच्यापर्यंत बैलगाडीनं आला होता.

मुदत टळली तर आमचा परवाना जाणार होता. मग गावाला पुन्हा पूर्वीसारखं बैलगाडीतून जालना गाठावं लागलं असतं.

रहिमतचाचा आमचे ड्रायव्हर. आधी त्यांनी जालन्यात वीस वर्षं टांगा हाकला होता, त्यामुळे मोटारीशीही ते घोड्याशी बोलावं तसंच बोलायचे. चढ आला की "चल बेटी, चल," आणि उतार आला की जरा घाबरून "हळू गं, हळू." या घाबरण्याचं कारण मला पहिल्याच ओढ्यावर कळलं. उतारावर त्यांनी पाय दाबला, तरी मोटार आपल्याच विचारात पुढं गेली आणि ओढ्यातल्या वाळूत जाऊन थांबली.

"चाचा, ब्रेक न्हाई का?"

"हाय की! बिलकुल हाय. फकत त्याला जरा येळ लागतो."

मग त्यांनी खरं सांगितलं. ब्रेकचा पट्टा दोन वर्षांपूर्वीच झिजून गेला होता, नवा मिळाला नाही, म्हणून त्यांनी विहिरीच्या जुन्या मोटेचं चामडं कापून तिथं बसवलं होतं. "मोटंचं चामडं मोटारीला," असं म्हणून ते स्वतःवरच खूश झाले. मी मात्र पुढचा उतार कुठं आहे ते शोधू लागलो.

दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी कणसाला आली होती. कपाशी फुटून रानं पांढरी दिसत होती. ऊन चढेपर्यंत अंबडची टेकडी आणि तिच्यावरचं देवीचं देऊळ दिसू लागलं. आम्ही गावात न थांबता जालन्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत समोरून एक चकचकीत काळी मोटार आली आणि तिनं आमच्यावर इतका धुरळा उडवला, की चाचांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या मोटारीत कोण बसलं होतं हे आम्हाला तेव्हा माहीत असतं, तर चाचांनी निदान चार पिढ्या सोडल्या असत्या.

जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणतात. आम्हाला मात्र त्यात सकाळभर झोके मिळाले. स्टेशनापाशी चहावाल्याला विचारलं, "पुराना पडाव कुठं?" तो म्हणाला, "हाच की." तिथं कापसाच्या गाठींच्या गाड्या उभ्या होत्या. गाडीवानांनी सांगितलं, की हा पडाव नवा, जुना छावणीकडे आहे. छावणीपाशी एक म्हातारा माळी झाडांना पाणी घालत होता. तो म्हणाला, "ह्यो जुना खरा, पर ह्याच्याहून जुना गुरांच्या बाजारामागं हाय. माझा आजा तिथं उतरायचा."

गुरांच्या बाजारामागच्या पडावावर आम्ही पोचलो तेव्हा म्हशींचा सौदा चालला होता. एका व्यापाऱ्यानं सौदा अर्धा सोडून आमच्या मोटारीभोवती फेरी मारली, पुढचं झाकण उचलून आत डोकावला आणि गुरांचं वय दातांवरून विचारतात तसं चाचांना विचारलं, "किती दाती?"

"पूर्ण दाती हाय," चाचा म्हणाले. "जुळली हाय."

तिथंच लिंबाखाली एक मुन्शी (कारकून) टेबल आवरत बसला होता. मी कागद पुढं केला. त्यानं तो दोनदा वाचला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "साहेब कालपर्यंत इथंच होते. आज सकाळी काळ्या मोटारीतून अंबडला गेले. तुम्हाला वाटेत भेटले नाहीत?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

एका खाणावळीत आम्ही भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याचं पीठ लावून केलेली झणझणीत आमटी) आणि कांदा खाल्ला. तिखटानं नाकातोंडातून पाणी आलं, आणि ते रडण्याचं नाही हे मी चाचांना दोनदा सांगितलं. मग पेट्रोलचा एक डबा टाकीत ओतून परत अंबडचा रस्ता धरला.

अंबडला मैदानात चुन्याची एक लांब रेघ मारलेली होती. रेघेपाशी खुर्चीत साहेब बसले होते. काटकुळे, पांढरी दाढी, शेरवानी, लाल रूमी टोपी. त्यांच्या उर्दूत एक शब्द जास्त नव्हता. त्यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला, चाकं हलवून पाहिली. मग म्हणाले, "रिकामी मोटार तर कुणीही थांबवतं. भरून आणा."

त्या दिवशी अंबडचा बाजार होता. चाचांनी बाजाराच्या तोंडाशी जाऊन हाक दिली, "बसा, बसा, जल्दी बसा!" कशासाठी बसायचं ते मात्र सांगायचं राहिलं. ओळखीची मोटार आणि ओळखीचा ड्रायव्हर पाहून आमच्याकडची माणसं भराभर चढली. गंगाबाई तर नवा पाटा-वरवंटा घेऊन चढल्या. त्या आमच्याच गावच्या, पन्नाशीच्या, सगळ्या गावाला धाकात ठेवणाऱ्या. पाटा त्यांनी माझ्या पायावर ठेवला.

साहेब चाचांच्या शेजारी बसले. "एक मैल चला. मी 'रोको' म्हटलं की थांबवा."

तीर्थपुरीच्या रस्त्यावर मैलभर गेल्यावर साहेब म्हणाले, "रोको."

चाचांनी पाय दाबला. मोटार चालत राहिली. एक बाभूळ गेली, मग दुसरी गेली. साहेबांनी घड्याळ काढलं. एका शेतातला माणूस आमच्याकडे बघत उभा होता तोही मागं गेला. शेवटी कडब्याच्या गंजीला नाक लावून मोटार थांबली.

साहेब घड्याळ मिटून म्हणाले, "वापस चलिए."

मागून गंगाबाईंचा आवाज आला. "वापस? काह्याला वापस?"

मी सांगितलं, की ही तपासणी आहे, मोटार अंबडला परत जायचीय.

"आमी तपासणीला न्हाई आलोत बापू, आमी घरला चाललो. दिवस कलला. इथं रानात उतरून आता मी पाटा डोक्यावर घेऊ का?" बाकीचे सगळे एकदम बोलू लागले. कुणीही उतरेना. साहेबांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा बायकांकडे पाहिलं. "बायामाणसांना रानात सोडता येणार नाही," ते म्हणाले. "चला तुमच्या गावाला. मुआयना तिथपर्यंत चालू राहील."

त्यांनी खरंच तो चालू ठेवला. दर दोन कोसांवर 'रोको' म्हणायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. वाटेत गंगाबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, ह्या मोटारीला नापास करू नका. गेल्या साली माझी सून अडली व्हती. ह्याच रहिमतनं तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. बैलगाडीनं गेलो असतो तर सून बी गेली असती अन् नातू बी."

मी भाषांतर करणार, तोच साहेबांनी हात वर केला. त्यांना मराठी समजत होती. मग तोडक्या मराठीत म्हणाले, "बाई, त्या दिवशी रस्त्यात बैल आडवा आला असता तर?"

गंगाबाईंनी माझ्या पायावरचा पाटा उचलून आपल्या मांडीवर घेतला.

दिवेलागणीला आम्ही तीर्थपुरीत पोचलो. तात्यांनी साहेबांना ओसरीवर बसवलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं, धपाटे आणि दही पुढं केलं. साहेबांनी चार धपाटे खाल्ले, काकूंची तारीफ केली, हात धुतले आणि कागदावर लिहिलं, 'नामंजूर'. ब्रेक दुरुस्त करून मोटार उद्या संध्याकाळच्या आत अंबडला पुन्हा दाखवावी, तोपर्यंत ती चालवू नये.

रहिमतचाचा अंगणात उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला. ते मोटारीपाशी जाऊन बसले.

तात्या हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारू का? उद्या तुमी अंबडला कसे जाणार?"

"का? मोटारीनं..." साहेबांचं वाक्य तिथंच थांबलं. त्यांची काळी मोटार अंबडलाच राहिली होती, गावात मोटार एकच होती आणि ती त्यांनी आत्ताच बंद केली होती.

"दुरुस्तीला तर न्यावीच लागंल," तात्या म्हणाले. "मिस्त्री अंबडलाच हाय. तेवढ्यापुरती परवानगी द्या, तुमी बी बसा."

मला वाटलं, आता साहेब 'ठीक आहे' म्हणतील. कागद त्यांच्याच हातात होता. शाईसुद्धा वाळली नव्हती. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली. "मी बसलो म्हणून ब्रेक लागणार नाही."

मग बैलगाडीचा विषय निघाला. साहेब म्हणाले, की त्यांची कंबर बैलगाडीचे धक्के सोसत नाही, हकिमाची सक्त मनाई आहे. सगळे विचारात पडले. तेवढ्यात अंगणातून चाचांचा आवाज आला.

"साहेब, मोटारीला बैलं जुपली, तर ती मोटार ऱ्हाती का गाडी होती?"

साहेबांनी डोळे मिटले. कायद्याचं पुस्तक मनातल्या मनात उलगडून पाहत असावेत. अखेर म्हणाले, "इंजन बंद असेल तर गाडी."

"मंग झालं की! बैलगाडी, पर खाली स्प्रिंग."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तात्यांच्या दोन जोड्या मोटारीला जुंपल्या. साहेब मागच्या गादीवर ताठ बसले. चाचा स्टिअरिंगच्या चाकापाशी बसून दिशा सांभाळत होते, गडी बैल हाकत होता, आणि उतार आला की चाकापुढं दगड टाकायचं काम माझ्याकडे होतं. उर्दू शिकून मला मिळालेली ही पहिली सरकारी जबाबदारी. वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं वेशीवर गोळा झाली. एकानं विचारलं, "काय झालं, मेली का मोटार?" चाचा म्हणाले, "न्हाई, साहेबाची सवारी चालली." साहेबांनी त्या माणसाच्या सलामाला तितक्याच गंभीरपणे सलाम केला. मी ओढ्यात पाय धुवायला थांबलो तेव्हा मात्र त्यांचे खांदे हलताना मला दिसले. ते हसत होते, पण तोंड शालीत लपवून.

दुपार टळता टळता अंबडच्या मैदानात आम्ही शिरलो. तपासणीला आलेल्या सहा मोटारींचे ड्रायव्हर एका रांगेत उभे राहून बघत राहिले. मिस्त्रीनं मोटेचं चामडं काढलं, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि खरा पट्टा बसवला. साहेब शेजारी उकिडवे बसून प्रत्येक खिळा तपासत होते.

मग पुन्हा माणसं भरली. या वेळी चाचांनी आधीच ओरडून सांगितलं, "ही मोटार कुठंबी जाणार न्हाई! बसा!" तरी तिघांनी विचारलंच, "जालन्याला कधी पोचल?"

चाचांनी मोटार जोरात आणली. त्यांचे ओठ हलत होते. रेघेपाशी उभ्या राहिलेल्या साहेबांनी हात खाली आणला, चाचांनी पाय दाबला, आणि आतली सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. मोटार चुन्याच्या रेघेच्या वीतभर अलीकडे उभी होती. रहिमतचाचा खाली उतरले, ती वीत हातानं मोजली आणि तिथंच मातीत बसून टोपीनं डोळे पुसू लागले.

साहेबांनी मंजुरीचा कागद माझ्याऐवजी त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "रहिमत मियाँ, बाईंच्या सुनेला तुम्ही वाचवलंत, ते मी ऐकलं. पुढच्या वेळी दुसऱ्याला वाचवताना तुम्हीही वाचा."

संध्याकाळी आम्ही परत निघालो. बैल गड्यासोबत मागून येणार होते. मला वाटलं होतं, आता निवांत घरी जाऊ. पण तो प्रवास मी आयुष्यात विसरणार नाही. चाचांनी मोटार अशी सोडली, की बाभळी मला मोजता येईनात. मी दांडी घट्ट धरून ओरडलो, "चाचा, हळू! काल तर किती बेतानं हाकत होता!"

"काल थांबता येत न्हवतं बापू!" ते वाऱ्यावर ओरडले. "आता येतंय!"

त्यानंतर मी पुष्कळ हिंडलो, आगगाडीनं गेलो, बोटीनंही गेलो. वेगाची भीती वाटली की मला तो माणूस आठवतो. दोन वर्षं तो आमच्या सगळ्यांची भीती एकटाच पायाखाली दाबून गाडी हाकत होता आणि वर आम्हाला हसवत होता. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा निर्धास्त होता. त्याच्या शेजारी मी जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तरी तीर्थपुरीची वेस आली तेव्हा ती इतक्यात यायला नको होती असं मलाच वाटलं.